टायर मोठे टाकले, मीटर मागं राहिलं: ट्रकचं स्पीडोमीटर पुन्हा जुळवताना

आमच्या सहाचाकी ट्रकचे ७.५०-१६ चे टायर पार गोटा झाले, तेव्हा टायरवाल्यानं ८.२५-१६ सुचवले. त्या मॉडेलला कंपनीच दोन्ही साईज देते, म्हणून मीही फार विचार केला नाही. गाडी जरा उंच दिसायला लागली, मी खूश. दीड महिन्यानं हिशोबाला बसलो तर ॲव्हरेज ७.२ वरून ६.७ वर आलेलं. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फौंड्रीत कास्टिंग भरायचं, पुण्यात उतरवायचं, येताना मिळेल ते भाडं घ्यायचं. यातलं काहीच बदललं नव्हतं. म्हटलं, कुठंतरी डिझेल मुरतंय. ड्रायव्हरमामांना तसं बोललो आणि त्यांच्या भत्त्यातून दोन हजार कापलेसुद्धा.

मामा चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "मालक, डिझेल मोजताय तसं किलोमीटरपण मोजा की एकदा."

पुढच्या खेपेला मी स्वतः गाडीत बसलो. पुण्यात माल उतरवायच्या ठिकाणी पोचलो तेव्हा मोबाईलच्या जीपीएसवर २२८ किलोमीटर झाले होते आणि मीटरवर २१४. चौदा किलोमीटर मीटरनंच खाल्ले होते. मीटर कसं जुळवायचं ते मी त्यानंतर शिकलो. त्यात एकदा फसलोही, तेही सांगतो.

मीटरला टायर दिसत नाही

ट्रकचं मीटर चाकाकडं बघत नाही. ते गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला, म्हणजे जिथून जोडशाफ्ट निघतो तिथं, शाफ्टचे फेरे मोजतं. शाफ्ट इतका फिरला म्हणजे चाक इतकं फिरलं आणि चाकाच्या एका फेऱ्यात गाडी इतकी पुढं गेली, हे गणित कंपनीनं एका ठरावीक टायरवर बांधलेलं असतं. टायर मोठा झाला की एका फेऱ्यात गाडी जास्त जाते, पण मीटर जुनंच गणित मांडत राहतं. काटाही कमी दाखवतो, किलोमीटरही कमी पडतात.

हिशोब मागच्या चाकांचाच करायचा, कारण शाफ्ट त्यांनाच फिरवतो. पुढचे टायर वेगळे असले तरी अशा मीटरला फरक पडत नाही. एबीएसवाल्या, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा असलेल्या गाडीत मात्र प्रत्येक चाकाचा वेग स्वतंत्र मोजला जातो. तिथं पुढं-मागं फार वेगळे टायर चालत नाहीत, दिवा लागतो.

आधी कागद बघा

टायर टाकायच्या आधीच गाडीच्या माहितीपुस्तकात बघा, की कंपनीनं ही साईज तुमच्या मॉडेलला दिलीय का. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाबाहेरचा फेरफार गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२अ मध्ये त्यासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागं ५,००० रुपये दंड, किंवा दोन्हीही, अशी तरतूद आहे. शिवाय रिमची रुंदी नव्या टायरला चालते का, आणि भरल्या गाडीत मागची जोडचाकं एकमेकांना घासत नाहीत ना, हेही बघा. जोडचाकांच्या मधून हात जायला पाहिजे. हे जमत नसेल तर मीटर जुळवण्यात अर्थ नाही, टायरच परत करा.

आणखी एक. टायर मोठा म्हणजे घाटात ओढ कमी. साडेसहा टक्के मोठा टायर टाकला तर त्याच गिअरमध्ये चाकाची ओढ साधारण तेवढीच घटते. गगनबावड्याच्या बाजूला भरलेली गाडी चढवणाऱ्याला हे पहिल्याच वळणावर कळतं.

मीटर जुळवायची गरज आहे का?

प्रत्येक बदलाला गरज नसते. १०.०० आर २० काढून २९५/८० आर २२.५ टाकले तर उंचीत जेमतेम एक टक्क्याचा फरक पडतो, तोही खालच्या बाजूला. मीटर किंचित जास्त दाखवेल, दाखवू दे. ९.०० आर २० वरून १०.०० आर २० वर गेलात तर सुमारे तीन टक्के. ७.५० वरून ८.२५ वर, दोन्ही सोळा इंची, तर सहा टक्क्यांच्या वर. माझ्या मते दोन टक्क्यांच्या आत असेल तर हात लावू नये. पण टायर मोठा झाला असेल तर तीन टक्क्यांनाही सोडू नये, कारण तेव्हा मीटर कमी दाखवतं. वाहनांच्या स्पीडोमीटरसाठी संयुक्त राष्ट्रांचा नियम क्र. ३९ आहे. त्याचं मूळ सूत्रच असं, की मीटरनं खऱ्या वेगापेक्षा जास्त दाखवलं तर थोडं चालेल, कमी दाखवलेलं अजिबात चालणार नाही. माझ्या गाडीत काटा ८० वर असताना खरा वेग ८५ होता. चौपदरी रस्त्यावर मालगाडीला ८० ची मर्यादा आहे, आणि स्पीडगनसमोर "साहेब, मीटरवर ऐंशीच होते" हे चालत नाही. मध्यम आणि जड मालगाडीला त्याचा दंड २,००० ते ४,००० रुपये.

खडू, टेप आणि भरलेली गाडी

सगळ्यात महत्त्वाचं काम हे, आणि इथंच लोक घाई करतात. टायरच्या कडेवरची साईज वाचून गणित मांडू नका. त्याच साईजचे दोन कंपन्यांचे टायर सारखे नसतात. रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेला टायर तर वेगळाच निघतो. आणि जमिनीपासून हबच्या मध्यापर्यंतची उंची मोजून तिला ६.२८ नं गुणू नका. भारानं टायर खाली दबतो, त्यामुळं ती उंची कमी भरते. पण टायरचा पट्टा आखडत नाही, म्हणून गाडी प्रत्यक्षात त्यापेक्षा जास्त चालते. आपल्याला हवी ती चाकाची 'चाल', म्हणजे एका फेऱ्यात गाडी जमिनीवर खरोखर किती सरकते ते. ती फक्त गाडी चालवूनच कळते.

आम्ही ती फौंड्रीच्या वजनकाट्याजवळच्या काँक्रीटवर मोजली. जागा सपाट होती आणि गाडी भरलेलीच होती. सकाळी टायर थंड असताना आधी हवा तपासली, दोन्ही बाजूंच्या जोडचाकांत सारखी केली. मग मागच्या बाहेरच्या चाकावर, टायर जमिनीला जिथं टेकतो बरोबर तिथं, कडेवर खडूनं उभी रेघ मारली आणि त्याच रेघेखाली जमिनीवरही. मामांनी गाडी पहिल्या गिअरमध्ये सोडली, क्लचवर सावकाश, स्टिअरिंग सरळ. मी चाकाशेजारून चालत रेघेचे फेरे मोजत होतो. पाचवा फेरा पुरा होऊन रेघ पुन्हा जमिनीला टेकली तिथं थांबायचं, जमिनीवर दुसरी रेघ मारायची आणि दोन रेघांमधलं अंतर स्टीलच्या टेपनं मोजायचं. एकाच फेऱ्यावर मोजलं तर बोटभर चुकलं तरी अर्धा-पाऊण टक्का जातो. पाच फेऱ्यांत तीच चूक पाचात वाटली जाते. ब्रेक मारून गाडी थांबेपर्यंत रेघ पुढं गेली तर मागं घेऊ नका, पहिल्यापासून करा. आम्हाला तीनदा करावं लागलं. तिसऱ्या वेळी गाडीचा किन्नर, म्हणजे क्लीनर, म्हणाला, "मालक, आता डांबरीवर रेघा मारायला ग्रामपंचायत बोलावतीय काय तुम्हाला?"

नव्या ८.२५ वर पाच फेऱ्यांचे १३.०९ मीटर भरले. तशाच आमच्या दुसऱ्या गाडीला ७.५० चे नवे टायर होते, तिच्यावर १२.२९. १३.०९ ला १२.२९ नं भागलं की १.०६५. हाच आपला आकडा. मीटर जे दाखवेल त्याला १.०६५ नं गुणलं की खरं.

जुन्या साईजचा टायर हाताशी नसेल तर दुसरा मार्ग आहे. लांबच्या खेपेला मीटरचे किलोमीटर आणि जीपीएसचे किलोमीटर घ्या आणि भागा. माझे २२८ भागिले २१४, तेही १.०६५ च आलं. यात दोन गोष्टी सांभाळा. पहिली, काट्याचा वेग धरू नका, किलोमीटर धरा. काटा कंपनीकडूनच थोडा जास्त दाखवायला लावलेला असतो, किलोमीटरचा हिशोब त्या मानानं खरा असतो. दुसरी, ज्या मीटरवर पूर्ण किलोमीटरच दिसतात त्यावर वीस किलोमीटरची चाचणी घेऊन उपयोग नाही, एक आकडा इकडंतिकडं झाला की पाच टक्क्यांची चूक. तिथं शंभरच्या वरचीच खेप पाहिजे. ट्रिपमीटरवर दशांश दिसत असेल तर वीस पुरे. घाटातला रस्ता धरू नका. वळणांवर आणि डोंगराच्या आडोशाला मोबाईल अंतर कापून मोजतो.

मीटर कुठल्या जातीचं आहे?

आता गाडीखाली वाका. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकातून काळी जाड केबल निघून कॅबिनकडं गेली असेल आणि ती मीटरमागं चुडीच्या नटानं बसत असेल, तर मीटर यांत्रिक आहे. तिथं केबलऐवजी दोन-तीन तारांचा कनेक्टर लावलेला सेन्सर असेल तर इलेक्ट्रॉनिक. आणि १ एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांची) गाडी असेल तर वाकायची गरजच नाही, ती सरळ सर्व्हिस सेंटरची गाडी.

केबलवाल्या मीटरबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण आमची गाडी तीच. केबलच्या आतली तार फिरते आणि मीटरमधलं लोहचुंबक फिरवते. चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते. चुंबक फिरलं की वाटी त्याच्यामागं ओढली जाते, केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागं धरते, आणि या ओढाताणीत काटा वळतो. त्याच तारेवरून बारीक गिअर किलोमीटरचे आकडे फिरवतात. म्हणजे तारच पाहिजे तेवढी फिरली तर काटा आणि आकडे दोन्ही सुधारतात.

मी फसलो ते इथं. एका मिस्त्रीनं, नाव कशाला घ्या, मीटर उघडून काटा उपटला आणि चार खुणा पुढं बसवला. "झालं बघा, साठला बरोबर." साठला खरंच बरोबर होतं. पण वीसला तेवीस दाखवत होतं आणि गाडी उभी असताना काटा चारवर. किलोमीटरचे आकडे तर जुन्याच चालीनं चालले होते, आणि मला तर किलोमीटरच पाहिजे होते. चूक टक्क्यांत असते, ती खुणांनी भरून निघत नाही. काटा हलवणाऱ्याला पैसे देऊ नका.

खरा इलाज गिअरबॉक्सच्या टोकाला आहे. तिथं शाफ्टवरचा वर्म, म्हणजे स्क्रूसारखा गिअर, एका पिनियनला, म्हणजे छोट्या दातेरी चाकाला, फिरवतो आणि पिनियन केबलला. पिनियनचे दात कमी केले की केबल जास्त फिरते. समजा तुमचा पिनियन १७ दातांचा आहे. तो १६ चा केला तर १७ भागिले १६, म्हणजे १.०६२५. आपल्याला पाहिजे १.०६५. शंभर किलोमीटरला पाव किलोमीटरचा फरक राहतो, तो राहू दे. काढायला सोपं आहे. केबलचा नट सोडा, पिनियनच्या बुशावरचा पकडीचा बोल्ट काढा आणि बुश ओढून घ्या. खाली डबा ठेवा, गिअर ऑइल येतं. ओ-रिंग नवीच टाका, दहा रुपयांसाठी पुन्हा खाली झोपायला नको. दात मोजताना एकावर खडूची खूण करून मोजा, गोल मोजताना सगळेच चुकतात.

त्याच गिअरबॉक्सला वेगळ्या दातांचा पिनियन स्पेअरच्या दुकानात मिळाला तर उत्तम. तोच माल घ्या, कारण दातांचा तिरपेपणा आणि बुशातली जागा त्याला जुळलेली असते. दात कमी झाले की पिनियन बारीक होतो, जुन्याच बुशात तो वर्मपासून लांब राहू शकतो. नाहीच मिळाला तर जुना नमुना घेऊन उद्यमनगरात चक्कर मारा. कोल्हापूरला गिअरचे दात कापणाऱ्यांचा तोटा नाही. फक्त एका नगासाठी मशीन लावायला ते कुरकुरतात, तेवढं गोड बोलावं लागतं. तिसरा पर्याय म्हणजे केबलच्या मध्ये बसणारा, फेऱ्यांचं प्रमाण बदलणारा छोटा रेशो-बॉक्स. तो मिळत असेल तर गिअरबॉक्सला हातही लावावा लागत नाही.

सेन्सरवाल्या मीटरमध्ये दातांच्या जागी पल्स, म्हणजे विजेचे ठोके असतात. सेन्सर शाफ्टच्या एका फेऱ्याला ठरावीक पल्स सोडतो आणि मीटरमध्ये 'एका किलोमीटरला इतके पल्स' असा आकडा भरलेला असतो. टायर मोठा झाला की किलोमीटरला पल्स कमी येतात, म्हणून आकडा कमी करायचा. जुन्या आकड्याला १.०६५ नं भागा. उदाहरणार्थ, जुना आकडा १९,०५० असेल तर नवा १७,८८७. काही मीटरच्या पाठीमागं बारीक बटणांची पट्टी असते आणि त्यांच्या चालू-बंद स्थितीवर हा आकडा ठरतो. काहींत बटण दाबून मेनूतून भरता येतो, काहींत कंपनीचं यंत्रच लागतं. मीटर काढण्याआधी बॅटरीचं टर्मिनल काढा आणि बटणांच्या पट्टीचा फोटो काढून ठेवा. दोन्ही विसरणारे मी बघितलेत.

बीएस-६ गाडीत हाच आकडा इंजिनच्या आणि गाडीच्या कंट्रोलरमध्ये असतो. तोच वेग मीटरला, वेगनियंत्रकाला (ठरावीक वेगाच्या वर गाडी जाऊ न देणाऱ्या यंत्राला) आणि क्रूझ कंट्रोलला (वेग आपोआप धरून ठेवणाऱ्या सोयीला) जातो. अधिकृत सर्व्हिस सेंटरला लॅपटॉप लावून टायरची चाल किंवा टायरची साईज बदलून घ्या. आधीची आणि नंतरची नोंद छापून मागा. "केलंय हो" यावर समाधान मानू नका.

बाजारात सेन्सरच्या तारेत बसवायची पल्स बदलणारी डबीही मिळते. नुसतं मीटर असलेल्या जुन्या गाडीला ती चालून जाते. पण वेगनियंत्रक त्याच तारेवर असेल तर डबी बसवू नका.

वेगनियंत्रकाचं सील

बहुतेक मालगाड्यांना केंद्रीय मोटार वाहन नियमावलीच्या नियम ११८ प्रमाणे वेगनियंत्रक असतो. साधारण ८० वर लावलेला, डंपर, टँकर आणि घातक मालाच्या गाड्यांना ६० वर. मोठ्या टायरवर तो ८० समजून ८५ ला सोडतो. त्याचं सील आपण तोडायचं नाही आणि ओळखीच्या इलेक्ट्रिशियनलाही तोडू द्यायचं नाही. नियंत्रक ज्या कंपनीचा, तिच्या अधिकृत विक्रेत्याकडं गाडी न्या, टायरची नवी चाल सांगा, तो जुळवून पुन्हा सील करेल आणि प्रमाणपत्र देईल. पासिंगच्या वेळी आरटीओत ते लागतंच.

जुळलं का, ते बघणं

महामार्गावर सहापदरीकरणाच्या डायव्हर्जनमुळं एकसारख्या वेगाचा पट्टा शोधावा लागतो. आम्ही पहाटे कागलच्या पुढं, कोगनोळीकडं जाताना बघितलं. ड्रायव्हरनं काटा ४० वर धरायचा आणि रस्ता बघायचा, जीपीएस शेजारच्यानं वाचायचं. अर्धा मिनिट वेग स्थिर राहिला की मगच आकडा लिहा, कारण जीपीएस थोडं मागून येतं. मग ५०, मग ६०. मीटर जीपीएसच्या बरोबर किंवा दोन-तीननं वर असलं की झालं. खाली असेल तर काम अपुरं आहे.

मोबाईलवर विश्वास नसेल तर घड्याळ आहेच. किलोमीटरच्या दगडापासून दगडापर्यंत ६० च्या वेगानं बरोबर ६० सेकंद लागतात, ५० नं ७२ आणि ४० नं ९०. पण एका दगडावर जाऊ नका, पाच किलोमीटर धरा. रुंदीकरणात दगड पुढं-मागं रोवलेले असतात.

हे सगळं टायर नवे असतानाच करा. नव्या ट्रक टायरची नक्षी १४-१५ मिलिमीटर खोल असते. ती झिजत गेली की टायर बारीक होतो आणि आमच्या साईजला गोटा होईपर्यंत चाल तीनेक टक्क्यांनी कमी होते. नव्यावर जुळवलं तर झिजल्यावर मीटर जास्त दाखवेल, ते चालतं. झिजलेल्यावर जुळवून नवे टायर टाकले तर पुन्हा कमी दाखवायला लागेल.

वहीत काय लिहायचं

मीटरवरचे जुने किलोमीटर बदलायच्या भानगडीत पडू नका. विकताना तीच फसवणूक ठरते. टायर कुठल्या रीडिंगला बदलले आणि मीटर कुठल्या रीडिंगला जुळवलं, एवढं लॉगबुकात लिहा. मधल्या किलोमीटरला १.०६५ नं गुणून खरे किलोमीटर शेजारी लिहा, ऑइल आणि फिल्टरची तारीख त्यावरून धरा. २०,००० ला ऑइल बदलणारा माणूस न जुळवलेल्या मीटरवर २१,३०० ला बदलत असतो.

आमचं मधलं अंतर मीटरवर ८,००० होतं, म्हणजे खरे ८,५२०. त्यावर डिझेल गेलं १,१९४ लिटर. भागिलं तर ॲव्हरेज ७.१४. मामांचे दोन हजार पुढच्या खेपेच्या भत्त्यात घालून दिले. त्यांनी मोजले, खिशात घातले आणि म्हणाले, "आता दुसऱ्या गाडीचे टायर बदलायच्या आधी खडू घेऊन ठेवा मालक."